समाचाराला आलेला खोकला

माझ्या ब्लाउजचे हुक दोन वर्षं माझे मिस्टर लावत होते. यात गुलुगुलु वगैरे काही नव्हतं. सकाळची घाई, नाकावर चष्मा, तोंडात टूथब्रश, आणि त्या फेसातूनच सूचना: "हलू नकोस गं, नीट उभी राहा." एखादा हुक हमखास चुकायचा. मग तुर्भ्याच्या ट्रान्सपोर्ट ऑफिसात मी दिवसभर एका खांद्याने वर आणि एका खांद्याने खाली. करंजाड्याहून बसने तिथवर पोचेपर्यंत चूक लक्षात यायची, पण तिथे माझे हुक कोण लावणार? ट्रकवाले?

संधिवात म्हटलं की लोकांना गुडघ्याला तेल चोळणारी आजी दिसते. मी तर चाळिशी नुकतीच ओलांडली होती. सकाळी बोटं सुजून लाकडासारखी व्हायची, दुधाची पिशवी फाडायला दात लावावे लागायचे. आमच्या संधिवाताच्या डॉक्टरीणबाईंनी समजावलं, की हा झिजेचा संधिवात नव्हे. शरीराचं रक्षण करणारी यंत्रणाच बिथरली आहे आणि स्वतःच्या सांध्यांवर तुटून पडली आहे. मला लगेच आमच्या सोसायटीचा वॉचमन आठवला. चोर दिवसाढवळ्या सायकल घेऊन जातो त्याला सलाम, आणि दहा वर्षं राहणाऱ्या मला रोज "किधर जाना है?" असलाच वॉचमन माझ्या रक्तात बसला होता तर!

गोळ्या झाल्या, गोळ्यांवर गोळ्या झाल्या. हुक काही लागेनात. मग बाई म्हणाल्या, आता बायोलॉजिक देऊ. शिरेतून, सलाइनसारखं हळूहळू सोडायचं औषध, दर दोन महिन्यांनी एकदा. आधी छातीचा एक्स-रे, टीबीची तपासणी, काविळीच्या तपासण्या. हे सगळं कशाला, असं मिस्टरांनी विचारलं. बाईंनी त्यांच्याकडे न बघता मला उत्तर दिलं, ते मला आजही पाठ आहे. "हे औषध तुमच्या वॉचमनला खाली बसवणार. तो बसला की तुमच्या सांध्यांना मारणार नाही, पण खऱ्या चोरालाही अडवणार नाही. म्हणून ताप, खोकला, पिकलेली जखम, दाढेचा पू, लघवीची जळजळ, काही म्हणजे काही अंगावर काढायचं नाही. मला विचारल्याशिवाय कुठली लस घ्यायची नाही. आणि घरात कुणी आठवडेच्या आठवडे खोकत असेल, तर तेही सांगायचं."

वॉचमनचा दाखला मीच त्यांना दिला होता. त्यांनी तो उचलला, याचा मला अभिमान वाटला.

पहिल्या वेळी हॉस्पिटलच्या डे-केअरमध्ये मी आरामखुर्चीत आणि मिस्टर शेजारच्या स्टुलावर. नर्सने आधी ताप बघितला, रक्तदाब बघितला, खोकला-सर्दीची चौकशी केली, अ‍ॅलर्जी उठू नये म्हणून गोळी दिली आणि मग थेंब सुरू केले. खाज, थंडी, छातीत आवळल्यासारखं, काहीही वाटलं तर लगेच हाक मारा म्हणाली. थेंब आपले निवांत पडतायत. मिस्टरांना ते बघवेना. आमच्या गावाकडच्या माणसांना सलाइनचं ते चाक दिसलं की हात शिवशिवतो. नळ आहे तर पूर्ण सोडायला नको का? त्यांनी हळूच बोट पुढे केलं.

"हात लावायचा नाही, काका," नर्स लांबून म्हणाली. "जोरात सोडलं तर त्यांना रिअ‍ॅक्शन येईल."

रिअ‍ॅक्शनचं त्यांना काही वाटलं नाही. 'काका' मात्र फार लागलं. घरी येईपर्यंत ते गाडीच्या आरशात स्वतःचे केस बघत होते.

तिसऱ्या वेळेनंतर एका सकाळी मी आरशासमोर उभी राहिले आणि खालून वर एकेक हुक लावत गेले. शेवटचा लागला आणि मला रडू फुटलं. बाहेरून आवाज आला, "अगं, लावू का?" मी "नको!" म्हणून ओरडले. संसारात इतक्या वेळा 'नको' म्हटलंय, पण इतक्या आनंदाने कधी नाही.

इथवर सगळं बरं चाललं होतं. पण आमची माणसं आहेत ना!

आम्ही मूळचे साताऱ्याकडचे. आमच्यात कुणाला सलाइन लावली, ही बातमी वाऱ्यापेक्षा जोरात धावते आणि धावता धावता फुगते. तुर्भ्यापासून घणसोलीपर्यंत आमचं अर्धं गाव पसरलेलं. "बारक्याच्या बायकोला हॉस्पिटलात सलाइन चढवली" एवढं कळलं की संध्याकाळी सगळे समाचाराला. मी सांगून थकले, की अहो हे ठरलेलं औषध आहे, मी सकाळी चालत जाते आणि संध्याकाळी चालत येते. उत्तर ठरलेलं: "ते खरं, पर भेटायला नको व्हय?" आणि भेटायला येताना माणूस काय काय घेऊन येतो! कुणी नाक ओढत येतो. कुणी गोवर उठलेलं नातवंड कडेवर घेऊन येतं, कारण त्याला घरी कुणापाशी ठेवायचं? मला आजारी बघायला आलेली निम्मी माणसं माझ्यापेक्षा आजारी असायची.

त्यात सोसायटीतली शेजारीण. ती दर वेळी गुळवेलीचा काढा आणायची. "इम्युनिटी वाढते हो याने!" डॉक्टर जे खाली बसवायला सुई लावतात, ते उठवायला ही बाई स्टीलचा डबा घेऊन तिसरा मजला चढायची. चढायची म्हणजे खरंच चढायची, कारण आमची लिफ्ट कायमची बंद. मी काढा बेसिनला पाजायचे. बेसिनची तब्येत अजून उत्तम आहे.

पण या सगळ्यांचे मुकादम म्हणजे माझे थोरले दीर. मी त्यांना भाऊजी म्हणते. मसाला मार्केटात त्यांनी उभी हयात पाठीवर गोण्या वाहिल्या, हमालांची टोळी सांभाळली, धाकट्या भावाला शिकवलं. आमचा फ्लॅट उभा आहे तो त्यांच्या पाठीवर, हे मी नाकारत नाही. दर वेळी समाचाराला पहिले तेच, सोबत जाऊबाई आणि शहाळी. येऊन माझ्या शेजारीच बसायचे, डोक्यावर हात ठेवायचे आणि खोकायचे.

त्या खोकल्याकडे कुणी लक्षच देत नव्हतं. मिरचीच्या गाळ्यावर काम करणारा माणूस खोकणारच. तिथे सगळेच खोकतात. न खोकणारा नवा असतो. संक्रांतीला ते खोकत होते तेव्हा मीही "काय हा ठसका!" म्हणून पाणी दिलं. होळीला पुरणपोळी खाताना खोकले, तेव्हा मात्र माझा घास थांबला. पुढचं औषध दोन दिवसांवर आलं असताना ते रविवारी आले. या वेळी औषध व्हायच्या आधीच समाचार! हाताची मूठ तोंडावर धरून खोकले, आणि त्याच हाताने शहाळ्यातली मलई काढून माझ्यापुढे धरली.

मी त्यांच्या शर्टाच्या कॉलरकडे बघत होते. गळ्याभोवती इतकी जागा, की माझी सुजलेली मूठ आरामात आत गेली असती.

"भाऊजी, वजन उतरलंय तुमचं."

"उन्हाळा हाय."

"रात्री घाम येतो?"

त्यांच्याऐवजी जाऊबाई बोलल्या, "घाम? अगं, सकाळी उशी पिळून वाळत घालते मी!" आणि हसल्या.

माझं डोकं सणकलं. मी उठून दूर झाले आणि खिडक्या उघडल्या. "हा मिरचीचा ठसका नाही, भाऊजी. हा टीबी आहे. उठा. आधी तपासून या, मगच या घरात पाय ठेवा."

थोरल्या दिराला घरातून उठवणं म्हणजे आमच्याकडे काय, ते साताऱ्याच्या माणसाला सांगायला नको. मिस्टर माझ्याकडे असे बघत होते, जसं काही मी त्यांच्या भावाच्या थोबाडीत मारली. भाऊजी उठले. दारात चपला घालताना वाकून पुन्हा खोकले आणि म्हणाले, "आणतो रिपोर्ट. आन् तुझ्या तोंडावर मारतो. मग बघ."

जाऊबाईंनी न फोडलेली शहाळी उचलून परत पिशवीत घातली.

दोन दिवसांनी डे-केअरला गेलो. नर्सचे नेहमीचे प्रश्न सुरू झाले. ताप? नाही. दाढ? नाही. घरात, जवळच्या कुणाला बरेच दिवस खोकला? मिस्टरांनी स्टुलावरून माझ्या पायावर पाय दिला. चांगला दाबून दिला. मला त्यांचं म्हणणं कळत होतं. एवढी तपासणी, एवढी वाट बघणं, आणि दुसऱ्याच्या खोकल्यासाठी आपलं औषध घालवायचं? बोटं पुन्हा आवळायला लागली होती, औषध त्या दिवशी मला पाण्यासारखं हवं होतं. 'नाही' एवढाच शब्द म्हणायचा होता.

"आहे," मी म्हणाले. "माझ्या दिरांना. महिनोन् महिने. वजनही उतरलंय."

नर्सने हातातली सुई परत ट्रेमध्ये ठेवली आणि बाईंना बोलावून आणलं. बाई म्हणाल्या, त्यांचा रिपोर्ट आल्याशिवाय मी हे देणार नाही. मला नीट कळत होतं की त्या माझा जीव वाचवतायत. तरी सुई न लागता त्या खुर्चीतून उठायला मला दोनदा सांगावं लागलं.

"तोंड बंद ठेवता येत नाही का तुला?" मिस्टर लिफ्टमध्ये म्हणाले. हॉस्पिटलची लिफ्ट चालू असते.

भाऊजींनी मात्र खरंच तपासून घेतलं. आमच्या घराण्यात तब्येतीसाठी कुणी दवाखान्याची पायरी चढत नाही, पण ईर्ष्येला पेटले की एमआरआयसुद्धा करतील. एक्स-रे काढला, थुंकी दिली, सगळं केवळ माझ्या तोंडावर मारण्यासाठी. रिपोर्ट आला. मारायला कुणी आलं नाही. जाऊबाईंचा फोन आला, रडत. "टीबीच निघाला. झालं तुझं समाधान?"

मला वाटलं होतं, आता तरी कुणी म्हणेल की बरं झालं वेळेवर बोललीस. कसलं काय! तुर्भ्यापासून घणसोलीपर्यंत एकच निकाल लागला: हिची जीभ काळी आहे. ती बोलली म्हणून झाला. चांगला धडधाकट माणूस बसला होता, शहाळं खात होता, ही म्हणाली टीबी आणि झाला टीबी! एक्स-रे गेला उडत, थुंकीतले जंतू गेले उडत, सगळं श्रेय माझ्या जिभेला. एका चुलत सासूबाईंनी तर फोनवर माझ्याशी बोलताना आपल्या नातीच्या लग्नाचा विषय निघताच फोनच ठेवून दिला. मी आरशात जीभ काढून बघितली, चांगली गुलाबी होती. मिस्टरांनी मोबाइलचा टॉर्च मारून खात्री केली आणि "तसं काही दिसत नाही" असं अगदी गंभीरपणे सांगितलं. ज्या माणसाशी मी संसार केला, तो टॉर्च मारून बघत होता!

आणि माझं बोलणं एवढं खरं होत असतं तर आमची लिफ्ट कधीच चालू झाली असती. ती दुरुस्त होईल, होईल, असं मी प्रत्येक मीटिंगला बोलतेय. पनवेलचे खड्डे बुजतील म्हणतेय. नाही. माझ्या जिभेला जमतो तो फक्त टीबी.

माझ्या तपासण्या झाल्या. छाती साफ होती, पण रक्ताच्या तपासणीत आलं की जंतू आत शिरून बसलेत, आजार अजून केलेला नाही. बाई म्हणाल्या, हे बी आहे, उगवण्याआधीच मारायचं. आपण औषध देऊन वॉचमनला पुन्हा खाली बसवलं असतं, तर ते फोफावलं असतं. प्रतिबंधाच्या गोळ्या सुरू झाल्या आणि माझं औषध लांबणीवर पडलं. एकेक करून बोटं पुन्हा मिटली. पुन्हा सकाळी चष्मा, टूथब्रश, "हलू नकोस गं."

मला भाऊजींचा राग आला होता, खूप आला होता. भेटायला आले आणि आजार ठेवून गेले, वर शहाळी परत नेली. रात्री दुखऱ्या बोटांवर फडकं गुंडाळताना मी त्यांना मनातल्या मनात इतकं बोलले आहे, की जीभ खरंच काळी असती तर त्यांचं काही खरं नव्हतं.

मग एके दिवशी पुन्हा जाऊबाईंचा फोन. आवाज खाली आलेला. "ऐक ना. यांनी गोळ्या सोडल्या. खोकला गेला, अंग धरलं, म्हणतात बरा झालो. गोळ्यांनी मळमळतंय, लघवी लाल होतेय, आता बास. माझं ऐकत नाहीत. तुला घाबरतात." शेवटचं वाक्य ऐकून मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

मी फोन लावला. हातात धरवत नव्हता म्हणून टेबलावर ठेवून स्पीकर लावला. तोफखाना तयार होता. लघवी लाल होते ती गोळीचीच खूण आहे, अर्धवट सोडलं तर तो पुन्हा उठेल आणि मग याही गोळ्यांना जुमानणार नाही, घरातल्या पोराबाळांना देणार आहात का, सगळं. भाऊजींनी ऐकून घेतलं.

"पोरी," ते म्हणाले. "तू बोलतीस ते खरं हुतं म्हणत्यात सगळी."

"काहीही म्हणतात, भाऊजी."

"म्हणूंदे. तू एकदा म्हण, म्या मरणार न्हाय."

माझी सगळी टवाळी तिथल्या तिथे आटली. हा माणूस गोण्यांखाली कधी वाकला नव्हता. गोळ्या मळमळीमुळे सोडल्या नव्हत्या त्याने. रोज गोळी हातात घेतली की आजार आठवायचा, म्हणून सोडल्या होत्या. मला रडू यायला लागलं, आणि रडू आलं की मी जास्त जोरात बोलते.

"गोळ्या शेवटपर्यंत घेतल्यात, तर तुम्ही ठणठणीत बरे होणार. मी सांगतेय. आणि मध्येच सोडल्यात तर काय होईल, तेही सांगू का?"

"नगं नगं! तेवढं बोलू नगंस!"

"मग घ्या गोळी. आत्ता. मला गिळल्याचा आवाज आला पाहिजे."

आवाज आला. त्यानंतर त्यांनी एकही गोळी चुकवली नाही. जाऊबाई सांगत होत्या, गोळी घेताना ते मोबाइलकडे बघतात, जसं काही मी त्यात बसलेय.

माझा प्रतिबंधाचा कोर्स झाला, तपासण्या मनासारख्या आल्या, बाईंनी औषधाची तारीख दिली. मी कुणालाही सांगितलं नाही. तरी डे-केअरच्या मजल्यावर लिफ्टचं दार उघडलं, तर समोरच्या बाकावर भाऊजी! त्यांच्या थुंकीत आता जंतू नाहीत, कुणाला लागण होणार नाही, असं त्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. तरी मास्क अगदी डोळ्यांपर्यंत चढवलेला, आणि मार्केटात बसतात तसे पाय फाकवून वाट अडवून बसलेले. आमच्या आधीच गावाकडचा एक चुलतभाऊ येऊन गेला होता म्हणे.

"शिंकत हुता," भाऊजी म्हणाले. "दिला लावून. समाचार फोनवर घे म्हणलं."

बाकाखाली एक शहाळं होतं. माणूस परत पाठवला होता आणि शहाळं ठेवून घेतलं होतं.

नर्सने आत येण्याची खूण केली. मिस्टर पुढे गेले. भाऊजी उठून उभे राहिले, पण जवळ आले नाहीत, हातभर लांबच थांबले. डोक्यावर हात ठेवायची सवय. तो हात त्यांनी पाठीमागे धरला होता.

"माझं बोललीस, खरं झालं," ते म्हणाले. "आता तुझ्या हातांचं बोल की, पोरी. येकदा बोल."

मी हसायला गेले. त्या जिभेवरून मी इतके महिने सगळ्यांची टिंगल केली होती. आणि बोलायचं तरी किती होतं? माझे हात बरे होतील, एवढंच. त्या सकाळीही एक हुक चुकलेला होता, साडीखाली मला तो टोचत होता. मी तोंड उघडलं, आणि मला भीती वाटली. चांगलं काही बोलले आणि त्याचं आमच्या लिफ्टसारखं झालं तर?

"येते, भाऊजी," एवढंच म्हणाले आणि आत गेले.